संपलं न म्हणणारं दुकान

माझं दुकान मेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच दुकानात बसून एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. गिऱ्हाईक आमच्या आसेगावचंच, रोजचं. चव पाहायची म्हणून त्यानं चिवड्यासाठी पुन्हा एकदा हात पुढे केला होता. मी म्हटलं, "बापा, चव पाहून राह्यला का जेवून राह्यला?" तो हसला, पण हात काही मागे घेतला नाही. तेवढ्यात मोबाईल वाजला. माझ्या भाच्याचा, म्हणजे भावाच्या पोराचा मेसेज होता.

"आत्या, आसेगाव शाखा रेड झोनमध्ये आहे. महिनाअखेर बंद करायचं ठरलं आहे. सामान न्यायला गाडी येईल. काळजी करू नये." खाली जोडलेले दोन हात.

काळजी करू नये, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. मी मोबाईल पालथा ठेवला आणि त्या माणसाच्या हातावर चिवडा ठेवला. त्यानं खाल्ला आणि म्हणाला, "मीठ बरोबर आहे." आणि काही न घेता निघून गेला. बरोबर आहे बापा, मी म्हटलं, मीठ तेवढं बरोबर आहे.

दुकान म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. रस्त्यालगतची एक खोली, काचेच्या बरण्यांची मांडणी, एक वजनकाटा, एक पंखा आणि माझी खुर्ची. शेव, चिवडा, फरसाण, खारे दाणे, पेढे. माल भावाच्या कारखान्यात, आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला बनतो, गाडीनं येतो, मी विकते. पण या खोलीच्या आधी मी या गावात अमक्याची सून होते आणि नंतर तमक्याची आई. लोक माझ्याशी बोलायचे तेसुद्धा घरात दुसरं कोणी नसलं तर. दुकान आलं आणि मी दुकानवाली बाई झाले. कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे आले, कोणाचं कोणाशी वाकडं, मंगरूळची बस गेली का, सगळं गाव मला विचारतं. वावरात मला कोणी काही विचारत नाही. वावरात मी कामाला वाईट नाही, पण तिथं माझा आवाज कोणाला लागत नाही.

म्हणून पालथा ठेवलेला मोबाईल उलटून मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. दुपारी घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो तुरीच्या वावरातून आला होता, पाय धूत होता. सोयाबीन कापणीला आलं होतं. तो म्हणाला, "बरं झालं. सोयाबीन सोंगाले मानसं भेटून नाही राह्यले."

"तुमाले बरं झालं," मी म्हटलं.

"तुले काहून नाही? उन्हातान्हात दुकानात बसा लागते."

"आन् वावरात काय सावली आहे?"

यावर त्यानं दुसरा पाय धुतला. नवरा वाईट नाही माझा. त्याला दुकान कळतच नाही, त्याला काय करणार.

आता हे रेड झोन म्हणजे काय ते सांगते, नाही तर तुम्हाला वाटेल सरकारी काही आहे.

माझ्या भावानं धंदा सुरू केला तो मालेगावच्या स्टँडवर, हातगाडीवर. शेव आमच्या मायची. म्हणजे कृती मायची, झारा भावाचा. गाडीचं दुकान झालं, दुकानामागे भट्ट्या लागल्या, त्याला आम्ही कारखाना म्हणायला लागलो. मग जऊळक्याला स्टेशनकडे एक दुकान, वाशीमला एक, मग आणखी एक. मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, तुह्या गावात एक टाकू. तू बसशीन?" मी म्हटलं, बसीन. पुढे मंगरूळ, रिसोड, कारंजा. जिल्ह्याच्या नकाशावर आमच्या शेवेचे ठिपके पडले.

हे सगळं चालायचं फोनवर. संध्याकाळी भाऊ प्रत्येक दुकानात फोन करायचा, कोणाला काय पाहिजे ते विचारायचा आणि हातावर पेनानं लिहायचा. दुकानं थोडी होती तोवर एक हात पुरला. दुकानं वाढल्यावर मनगट लागलं, मग कोपर. आणि हा माणूस मालक झाला तरी बेसनात हात घालायचा सोडत नव्हता. त्यामुळं रिसोडची मागणी बऱ्याचदा बेसनात जायची आणि रिसोडला त्या दिवशी काही जायचं नाही. एकदा वाशीमचे पेढे जऊळक्याला उतरले आणि जऊळक्याचे खारे दाणे वाशीमच्या एका बारशात. ज्याचं बारसं होतं तो पोरगा आता शाळेत जातो, पण त्याचा बाप अजून आमच्याकडून काही घेत नाही.

तेव्हा सिस्टीम पाहिजे होती, यात माझं काही म्हणणं नाही. लोकांना वाटतं बाईमाणूस आहे, मशीनला घाबरली असेल. मी नवऱ्याला घाबरले नाही, मशीनला काय घाबरते.

सिस्टीम आणली भाच्यानं. तो पुण्याला कॉम्प्युटर शिकला, तिथंच कंपनीत लागला आणि एक दिवस बॅग घेऊन परत आला. तो परत आला हे त्याच्या आईला आवडलं नाही, बापाला आवडलं आणि मला दोघांचंही पटलं. पोरगा हुशार. उगीच शहाणपणा मिरवत नाही. त्यानं आम्हा सगळ्या दुकानवाल्यांना कारखान्यात बोलावलं, बेसनाच्या पोत्यांवर बसवलं आणि प्रत्येकाला एकेक टॅब दिला. टॅब म्हणजे मोठा मोबाईलच, फक्त फोन येत नाही.

"विकलं का बिल करायचं," तो म्हणाला. "आन् दुकान बंद करायच्या आधी एकेक बरणी पाहायची. प्रत्येक मालासमोर दोन बटनं हायेत. हिरवं दाबलं तं 'आहे'. तांबडं दाबलं तं 'संपलं'. ज्याच्यापुढं संपलं, तो माल सकाळी गाडीत."

जऊळक्याच्या दुकानवाल्यानं विचारलं, "बिल करून राह्यलो ना आमी? मंग मशीनले समजत नाही का संपलं का नाही ते?"

प्रश्न मला बरोबर वाटला. भाचा म्हणाला, "काका, तुमी लोकं चव पाहाले जे वाटता ते बिलात येते का? मी गणित करून पाह्यलं. जुळतच नाही. म्हणून डोळ्यानं पाहून सांगा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली. मान हलवायला काय जातं.

सिस्टीम चालली, आणि चांगली चालली. वाशीमचे पेढे वाशीमला जाऊ लागले. भावाचे हात स्वच्छ झाले. आणि त्यानं फोन करणं बंद केलं, कारण आता कारणच उरलं नव्हतं.

पहिल्या पहिल्यांदा जुन्या अंदाजानं मलाही गाडीत भरपूर माल आला. मग हळूहळू कमी होऊ लागला. शेव आली नाही. मला वाटलं, कारखान्यात काही झालं असेल. मग फरसाण आलं नाही. मग एका सकाळी गाडी आली आणि ड्रायव्हरनं एकच क्रेट उतरवला. त्यात पिझ्झा शेवेची पाकिटं. हा नवीन माल, सगळ्या दुकानांना चालवून पाहायला दिलेला. आसेगावात पिझ्झा शेव कोण खातं बापा? मी खाऊन पाहिली. ती कोणीच खाऊ नये अशी होती.

"बाकीचं?" मी विचारलं.

"तुमचं एवढंच निघालं, आत्याबाई."

"निघालं म्हंजे? कुठून निघालं?"

"टॅबमधून," तो म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

आता इथं माझा स्वभाव सांगायला पाहिजे. मला मागता येत नाही. भांडता येतं, मागता येत नाही. मला वाटलं, मी दिवसभर बिलं करते, संध्याकाळी बटणं दाबते, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. शेव विकून बसले हे मालेगावला दिसत नाही का? दिसतंच. तरी पाठवत नाहीत म्हणजे मुद्दाम पाठवत नाहीत. वाशीमच्या दुकानाला एसी लागतो आणि बहिणीच्या दुकानाला पिझ्झा शेव. ठीक आहे. मी फोन करणार नाही. मी काय भिकारीण आहे का?

आणि मग गिऱ्हाईक तुटायला लागलं. गावातलं माणूस पुन्हा पुन्हा रिकाम्या हातानं जात नाही. दुसरीकडं जातं. माझ्या दुकानासमोरून शेवेची पुडी घेऊन लोक जायचे आणि माझ्याकडं न पाहता जायचे, म्हणजे त्यांना माझी लाज वाटायची. मला राग यायचा आणि बसल्या बसल्या रडायला यायचं. मी काच पुसायची. तेवढी स्वच्छ काच अख्ख्या तालुक्यात नसेल.

असं चालू असताना तो मेसेज आला. मी भावाला फोन केला नाही. भावानंही मला केला नाही. मी दोन्ही गोष्टी मनात धरून ठेवल्या.

महिना संपत आला तसा भाचा मोटरसायकलवर आला. गाडीच्या आधी सामानाची मोजदाद करायला. हेल्मेट काढून तो माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "पाया पडून दुकान घेऊन चालला का?" तो लाजला. वाईट वाटत होतं त्याला, ते दिसत होतं. मी त्याला पाणी दिलं. भांडण असलं तरी पाणी द्यावं लागतं.

तो बरण्यांकडं वळणार तोच शेजारची बाई धावत आली. तिचा जावई आला होता, सांगून आला नव्हता. "बाई, पावभर शेव दे पटकन."

"उद्या ये," मी म्हटलं.

"अवं, जावई आज आला ना!"

"मंग काय करू? शेव उद्या."

ती बडबड करत गेली. भाचा मांडणीपुढं उभा होता. त्यानं शेवेच्या बरणीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"आत्या, शेव आहे ना याच्यात."

"आहे."

"मंग तिले काहून नाही दिली?"

"ते द्याची नसते."

"काहून?"

मी त्याच्याकडं पाहतच राहिले. हा आमच्याच घरात वाढलेला पोरगा. "अरे, बरणी खाली होते ना!"

त्याला काही कळेना. मग मला सांगावं लागलं. आमच्या घरातले देव माझ्या आजोबांच्या काळातच निघाले. पूजा, उपास, नवस सगळं गेलं. माय विहारात जायची, बाकी कशाला हात जोडायची नाही. पण एक गोष्ट तिनं सोडली नाही. डबा खरवडायचा नाही. तांदळाचा असो, पिठाचा असो, बुडाशी एक मूठ राहू द्यायची. आणि घरात अमुक संपलं असं तोंडातून काढायचं नाही. मी लहानपणी तिला म्हटलं होतं, हे पण देवाचंच असेल ना काहीतरी? तर म्हणाली, "देवाचं नाही, मानसाचं. अवचित कोनी दारात आलं तं?" ती मजुरीला जायची. आमच्या दारात अवचित येणारं माणूस आमच्यापेक्षा उपाशी असायचं. ती मूठ त्याची. आम्ही भुकेले झोपलो तरी तिला हात नाही लावला.

"मंग दुकानात?" भाचा म्हणाला.

"मंग दुकानात काय वेगळं? जावई काही उपाशी येत नाही."

त्यानं एकेक बरणी हातात घेऊन तिरपी केली. शेव, मूठभर. चिवडा, मूठभर. फरसाण, दाणे, मूठभर. पेढ्यांच्या ट्रेमध्ये एक पेढा होता. तो कडक झाला होता, पण होता.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "तू संध्याकाळी कोनतं बटन दाबते?"

"हिरवं."

"सगळ्याले?"

"आहे तं आहेच दाबीन ना. खोटं दाबू का?"

तो खाली बसला. खुर्ची होती तरी जमिनीवर. मग हसायला लागला. मला असा राग आला! माझं दुकान हातातून चाललं होतं आणि हा दात काढून राहिला होता. मी म्हटलं, "ऊठ. कपडे भरतीन."

"आत्या," तो म्हणाला, "तुह्यं दुकान मेलं नाही. ते उपाशी आहे."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. संपलं दाबल्याशिवाय पुरता माल निघत नाही, जुन्या अंदाजानं थोडाथोडा निघतो. रोज आहे दाबलं तर मशीनला वाटतं, इथं माल पडून आहे, कोणी घेत नाही. म्हणून मशीन त्या दुकानाचा माल कमी करतं. माल कमी झाला की विक्री कमी होते. विक्री कमी झाली की मशीन म्हणतं, पाहा, मी म्हटलं नव्हतं? आणि आणखी कमी करतं. शेवटी दुकान तांबडं होतं. त्यात मशीनची चूक नाही आणि माझीही नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, माझी तर नाहीच.

मला एक गोष्ट तेव्हा उमगली. माझा भाऊ विचारायचा तेव्हा तो पाहिजे काय ते विचारायचा. शेव पाठव म्हणायला मला कधी अडचण आली नाही. बरणीत मूठ राहिली होती तरी मी म्हणायचे, पाठव. मशीननं प्रश्न फिरवला. ते संपलं का म्हणून विचारायला लागलं, आणि त्याला हो म्हणायला माझी जीभच काय, बोटसुद्धा तयार नव्हतं.

भाचा आपल्या मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होता. शोधता शोधता त्याचा चेहरा बदलला. "आत्या," तो म्हणाला, "आणखी एका दुकानानं आजवर एकदाही संपलं दाबलं नाही."

"कोनतं?"

"मालेगावचं. मेन दुकान."

मालेगावच्या दुकानात संध्याकाळी टॅब घेऊन कोण बसतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याचा बाप. मालक स्वतः. पण त्या दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडं कारखाना आहे. शेव कमी झाली की मालक ओरडतात, "शेव आना रे!" आणि शेव येते. मशीनला विचारायची गरजच पडत नाही. म्हणून ते दुकान हिरवंगार.

"चाल," मी म्हटलं.

"कुठं?"

"मालेगावले. तुह्या बापाकडं."

दुकानाला कुलूप लावलं आणि मी त्याच्या मागे मोटरसायकलवर बसले. टॅब मांडीवर घेतला. सगळा रस्ता मी मनातल्या मनात भावाशी भांडत गेले. वाशीम येईपर्यंत मी जिंकले होते. वाशीमनंतर पुन्हा पहिल्यापासून भांडले, कारण काही मुद्दे राहून गेले होते.

भाऊ कारखान्यात कढईसमोर उभा होता. मला पाहून तो चमकला. "ताई? कशी काय आली?"

"मेलेल्या दुकानाची मालकीण आहो. ते दुकानच चालत आलं असं समज."

त्यानं झारा दुसऱ्याच्या हातात दिला. भाच्यानं त्याला सगळं सांगितलं. मोबाईल काढून मालेगावची बटणं दाखवली. हिरवं, हिरवं, हिरवं. भाऊ पाहत होता. मग त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं. तो दुकानात गेला, मागोमाग आम्ही. त्यानं शेवेची बरणी उघडून आत पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहतो आहे.

"माय म्हने ना," तो मला म्हणाला.

"म्हने," मी म्हटलं.

"बाबा," भाचा म्हणाला, "तुमी आतापासून मूठभर राह्यली का संपलं दाबत जा. बस."

आम्ही दोघांनी एकदमच त्याच्याकडं पाहिलं. जिल्हाभर दुकानं असलेला माणूस आणि त्याची भांडकुदळ बहीण, आणि दोघांनाही ते एक बटण दाबता येणार नव्हतं. पोरानं आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं, मान हलवली आणि पोत्यावर बसून टॅबमध्ये काहीतरी करायला लागला. चहा येऊन संपेपर्यंत त्याचं झालं. आता टॅब प्रत्येक मालापुढं 'पाठवू का?' असं विचारणार होता. एक बटण 'हो', दुसरं 'नको'.

"हे चालन?" त्यानं विचारलं.

"हे पहिलेच काहून नाही केलं?" मी म्हटलं.

"पहिले तुमी डबे खरवडत नाही हे कुठं माहीत होतं, आत्या!" तो म्हणाला आणि नवीन बटणं सगळ्या दुकानांच्या टॅबवर टाकायला गेला.

मला वाटलं, झालं. मी पदर सावरला. गाडीत काय काय भरायचं ते सांगायला तोंड उघडलं. तर भाऊ म्हणाला, "ताई, बस जराशी."

मी बसले. तो उभाच होता. हाताला लागलेलं बेसन एका बोटानं दुसऱ्या बोटावरून काढत होता.

"सिस्टीमनं बंद करा म्हनलं नव्हतं," तो म्हणाला. "सिस्टीम नुसतं तांबडं दाखवते. बंद करायचं मी म्हनलं. पोरगं तं म्हने, बाबा, आधी आत्याले इचारू. मीच नाही म्हनलं."

माझ्या कानाला ते खरं वाटेना. सगळा रस्ता मी मशीनवरून त्याच्याशी भांडत आले होते. "काहून?"

"मले वाटलं तू थकली. उन्हाळ्यात आली होती तवा गुडघा धरून बसली होती तिथं पायरीवर. बायको म्हने, ताईले आता होत नाही. मंग दुकान तांबडं झालं. मले वाटलं तुह्यानं होऊन नाही राह्यलं आन् तू सांगून नाही राह्यली. तू कधी सांगते का? म्हनलं, बंद झालं का दोष मशीनवर जाईन. तुले आराम भेटन, आन् तुले कोनापाशी म्हना नाही लागनार का मी हारली."

मी काय बोलणार होते ते सगळं विसरले. वाशीमच्या एसीचं विसरले, पिझ्झा शेवेचं विसरले. मला रडायलाच आलं. कारखान्यातली माणसं पाहत होती. पाहू दे.

"थकली तं आहोच मी," मी म्हटलं. "गुडघा दुखतेच माह्या. पन तुले कोनं सांगतलं का मले घरी बसव? फोन करून इचारता नाही आलं?"

"इचारलं असतं तं तू भांडली असती."

"भांडलीच असती!" माझा आवाज एवढा चढला की कढईवरच्या माणसानं झारा थांबवला. "भांडलीच असती ना! त्याच्यासाठीच इचाराचं असते! माय गेली, बाबा गेले. भांडाले मले कोन आहे रे आता? नवरा पाय धूत बसते. तू आहे तं तू मले तांबडा रंग दाखवून गुपचूप घरी पाठवून राह्यला. बंद कराचं असन तं कर, मालक आहे तू. पन माह्या तोंडावर कर. मले भांडू दे आन् मंग कर."

भावाचेही डोळे भरले होते. तो म्हणाला, "हौ." एवढंच. मग ड्रायव्हरला हाक मारली आणि आसेगावचा माल भरायला सांगितला. काय भरायचं ते मी उभी राहून सांगितलं. पिझ्झा शेव परत पाठवते म्हटलं, तर भाऊ म्हणाला, ती सगळीकडूनच परत येऊन राहिली आहे.

गाडीतच, ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी आसेगावला आले. गिऱ्हाईक काही एकदम परतलं नाही. सवय मोडायला वेळ लागतो तसा लागायलाही लागतो. पण शेजारची बाई आली, जावई गेल्यावर आली आणि त्याच्या नावानं दोन शिव्या देऊन शेव घेऊन गेली. नवऱ्यानं सोंगणीला कारंज्याकडून माणसं आणली.

पुढच्याच महिन्यात रिसोडचं दुकान तांबडं झालं. खरोखरचं तांबडं, तिथं माल पडून होता. मला ते भाच्याकडून कळलं, पण मी काही बोलले नाही. माझं काय जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरण्या भरत होते तर दुकानासमोर मोटरसायकल थांबली. भाऊ होता. मालेगावहून उलटा आसेगावला आला होता, रिसोड दुसऱ्या दिशेला असून.

"दुकानाले कुलूप लाव," तो म्हणाला. "रिसोडले चालून राह्यलो. मी म्हनतो बंद कराचं."

"काहून बंद कराचं?" मी म्हटलं. "आधी जाऊन पाह्यलं का? तिथं बसनारा पोरगा कसा आहे, दुकान कुठल्या तोंडाले आहे, काही पाह्यलं?"

"म्हनूनच तं आलो," तो म्हणाला. "गाडीवर भांडू."

मी कुलूप शोधलं आणि चप्पल घातली.